भाच्याची लिस्ट आणि भिंतीतला प्लग

परवा रात्री अकरा वाजता भाच्याचा व्हॉट्सॲप आला. बारावी झाली, सुट्टी आहे, आणि गेमिंगचा कॉम्प्युटर स्वतः जोडायला ताईने शेवटी एकदाचा होकार दिलाय, तोही 'साठ हजारांच्या वर एक पैसा मागायचा नाही' या अटीवर. खाली पार्ट्सची लिस्ट: रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, आरएक्स ६५०० एक्सटी ग्राफिक कार्ड, आठ जीबीची एकच रॅम, साठवणीला ५१२ जीबीची एसएसडी, समोरून काच असलेलं कॅबिनेट, दिव्यांचे सहा पंखे, आणि अगदी शेवटी एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज पार्ट्सना पुरवणारा डबा, 'कुठलाही चालेल'. त्याखाली, 'मामा, फक्त एक नजर टाक. ओके आहे ना?'

ओके नव्हती. का नव्हती हे फोनवर समजावण्यात पाऊण तास गेला, तेव्हा म्हटलं इथेच लिहून टाकू. डिचोली, साखळी, फोंड्याकडची बरीच पोरं सध्या याच नादात आहेत आणि त्यांचेही मामा असेच रात्री अकराला सापडत असणार.

यूट्यूबवरच्या झाडून सगळ्या लिस्ट ग्राफिक कार्डापासून सुरू होतात. माझं म्हणणं असं की गोव्यातल्या घरात लिस्ट भिंतीतल्या प्लगपासून सुरू करावी. मी वेर्ण्याला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, त्यामुळे याला धंद्याचा आजार म्हटलंत तरी चालेल. पण हा धडा मी कारखान्यात नाही, घरात शिकलो, आणि पैसे मोजून शिकलो.

आमचं मयेतलं घर आजोबांच्या वेळचं, चिऱ्यांचं. प्लगला भोकं तीन, पण वरच्या मोठ्या भोकामागे अर्थिंगची वायरच नाही. लॉकडाऊनमध्ये एका दुकानातून जोडून आणलेला कॉम्प्युटर होता. त्याच्या पत्र्याला अनवाणी पायाने हात लावला की बोटाला मुंग्या यायच्या. आई म्हणायची, "तुझ्या त्या मशिनीत काहीतरी आहे रे, देवळात विचारून ये." देवळात विचारण्यासारखं काही नव्हतं. एसएमपीएसमध्ये वीज शिरते त्या तोंडाशी फिल्टरचे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजवरून पत्र्याला जोडलेला, दुसरा न्यूट्रलवरून. अर्थिंग असेल तर त्यांच्यातून झिरपणारा किंचित करंट निमूटपणे जमिनीत जातो. नसेल तर पत्रा मध्येच लटकतो, २३० व्होल्टच्या साधारण निम्म्यावर. करंट इतका थोडा की माणसाला काही होत नाही, पण टेस्टर पेटतो आणि मुंग्या येतात. दुसऱ्यांच्या मशिनी दुरुस्त करणाऱ्या माझ्यासारख्याने वर्षभर चप्पल घालून पेन ड्राइव्ह लावला, पण भिंत उघडून बघितली नाही. असो.

मग २०२१ च्या ऑक्टोबरात, परतीच्या पावसात, जवळच कुठेतरी वीज पडली. एसएमपीएस गेला तो गेलाच, जाताना मदरबोर्डलाही घेऊन गेला. उघडून हातात घेतला तर चुरमुऱ्यांच्या पुड्यासारखा हलका! वर स्टिकर मात्र ५०० वॉटचा. दुकानाचं नाव विचारू नका, दोष माझाही आहे, मीच तेव्हा 'कुठलाही चालेल' म्हटलं होतं.

म्हणून २०२४ मध्ये पहिल्यांदा स्वतःच्या हातांनी मशीन जोडायला घेतली तेव्हा एकही पार्ट मागवायच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलावलं. परसात खड्डा, पाइप, कोळसा-मीठ, आणि तिथून कॉम्प्युटरच्या प्लगपर्यंत हिरवी वायर. सगळं मिळून २,८०० रुपये. तुम्हीही आधी हे मीटरने तपासून घ्या, स्वतः हात घालू नका, इलेक्ट्रिशियनला सांगा: फेज आणि अर्थ यांच्यात जवळपास तेवढेच व्होल्ट दिसायला हवेत जेवढे फेज आणि न्यूट्रलमध्ये दिसतात, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये जेमतेम दोन-चार. आपली जांभ्याची जमीन एप्रिल-मेमध्ये ठणठणीत कोरडी पडते आणि अर्थिंग कमजोर होतं, तेव्हा त्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतायचं. आमच्याकडे तुळशीला घालून उरलेलं तिथे जातं. अर्थिंगशिवाय विजेच्या झटक्यापासून वाचवणारा तो दीड हजारांचा स्पाइक गार्ड म्हणजे निम्म्याहून अधिक नुसता एक्स्टेंशन बोर्डच. आणि गडगडायला लागलं की प्लग उपटायचा तो उपटायचाच, सोबत राउटरकडून येणारी लॅनची वायरही. मॅच कुठवर आलीय ते नंतर बघता येतं.

आता एसएमपीएस. भाच्याला कुणीतरी सांगितलं होतं की गेमिंग म्हणजे ७५० वॉट हवाच. का? माझ्या मशिनीतला ५६०० प्रोसेसर जोर लावला तरी ७६ वॉट ओढतो. आरएक्स ६६०० कार्ड १३२. बोर्ड, रॅम, पंखे, डिस्क यांचे चाळीस-पन्नास धरा. अडीचशेच्या आसपास झाले. चांगल्या कंपनीचा ५५० वॉटचा एसएमपीएस निवांत चालतो आणि पुढे मोठं कार्ड घेतलं तरी पुरतो. '८० प्लस ब्रॉन्झ' असा शिक्का बघा, पण तो शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो, आतला माल कसला ते सांगत नाही. वॉरंटी पाच वर्षांची आहे का ते बघा, कंपनीला स्वतःवर किती भरवसा आहे ते तिथे कळतं. मी ४,२०० दिले. अख्ख्या बिलात ज्या एका गोष्टीवर घासाघीस केली नाही ती हीच.

यूपीएसचंही तसंच. कोपऱ्यावर मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॉटच्या आसपास देतो. मशीन आणि मॉनिटर मिळून पावणेतीनशे-तीनशे. वीज गेल्यावर गेम सेव्ह करेपर्यंतसुद्धा तग धरेल याची खात्री नाही, बॅटरी जुनी झाली की तर नाहीच. १ केव्हीएचा, म्हणजे १००० व्हीएचा घ्या. आणि घरचा पंख्या-दिव्यांचा जुना इन्व्हर्टर चौकोनी वेव्हचा असेल तर त्यावर गेमिंग मशीन लावू नका. आजकालच्या चांगल्या एसएमपीएसना ती वीज मानवत नाही, मध्येच बंद पडतात.

इतकं सगळं ऐकून भाचा म्हणाला, "मामा, कार्डाचं सांग ना." सांगतो.

त्याच्या लिस्टमधला सर्वात मोठा घोळ तिथेच होता. ६५०० एक्सटी नावाला नवं कार्ड, २०२२ चं, दिसायला स्वस्त. पण मेमरी ४ जीबी, आणि बोर्डाशी बोलायला फक्त चार लेन. कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या या रस्त्याला पीसीआयई म्हणतात, आकडा मोठा तितका वेग जास्त. पीसीआयई ४ च्या बोर्डावर ते कसंबसं निभावतं. बी४५० बोर्ड पीसीआयई ३ चा, ५६००जी प्रोसेसरही पीसीआयई ३ चाच. म्हणजे चार पदरी रस्त्याचं कार्ड घेऊन त्याला चोर्ला घाटात घालायचं. मेमरी भरली की गेम धक्के खायला लागतो. वर त्या कार्डात चालू गेमचा व्हिडिओ बनवणारा एन्कोडरच नाही, आणि आमच्या पोराला गेम रेकॉर्ड करून चॅनलवर टाकायचेत! तीन पार्ट्स, तिन्ही आपापल्या जागी खपून जातील असे, आणि एकत्र आणले की एकमेकांच्या पायात पाय.

माझ्याकडे साधा ५६०० आहे, जी नसलेला. त्यात स्वतःचं ग्राफिक नाही, पण एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या पोटातली झटपट मेमरी, ३२ एमबी, जीमध्ये १६. कार्ड आजच घेणार असाल तर साधा घ्या. कार्ड वर्षभराने घेणार असाल तर जी घ्या, त्यावर व्हॅलोरंट वगैरे गेम छान चालतात. दोन्ही रस्ते बरोबर आहेत. जी घेऊन वर चार जीबीचं कार्ड हा मधला रस्ता तेवढा चुकीचा. कार्डावर बजेटचा साधारण तिसरा हिस्सा जाऊ द्या. माझं आरएक्स ६६०० तेव्हा २०,५०० ला आलं, ८ जीबी, १०८०पीवर (फुल एचडीवर) अजून कुरकुर नाही. माझं कार्ड एएमडीचं, म्हणून एनव्हिडिया या दुसऱ्या कंपनीच्या कार्डवाल्यांनी भांडायला येऊ नये, ब्लेंडर किंवा एडिटिंगची कामं असतील तर तुमचंच बरोबर आहे. पण त्यांचं ३०५० घेताना डबा नीट वाचा, ८ जीबीचं वेगळं आणि ६ जीबीचं वेगळं. नाव एक असलं तरी ताकद एक नाही.

माझं २०२४ चं बिल, यूपीएस आणि मॉनिटर सोडून, ५६,४०० झालं होतं. तेच आज जसंच्या तसं मागवायला जाल तर घाम फुटेल, कारण २०२५ च्या अखेरीपासून रॅम भडकलीय. एआयच्या डेटा सेंटरांना लागणारी मेमरी बनवण्यात कंपन्या गुंतल्या आणि आपल्या रॅमच्या कांड्या महागल्या. मी १६ जीबी ३,६०० ला घेतली होती, आता तो आकडा ऐकवला तर भाचा मला म्हातारा म्हणतो. तरीही आठची एकच कांडी नको. आठच्या दोन घे, पंखे कमी कर. दोन कांड्या असल्या की दोन्ही चॅनल चालतात, आणि ५६००जीसारख्या प्रोसेसरवर तर फरक डोळ्यांना दिसतो. जोडल्यावर बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये जाऊन एक्सएमपी (रॅमला तिच्या ठरलेल्या वेगाने धावू देणारी सेटिंग) चालू करायचं, नाहीतर ३२०० ची रॅम गुपचूप २१३३ किंवा २४०० वर धावत राहते. एसएसडीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. एनव्हीएमई ही वेगवान जात घ्या, १ टीबी जमली तर बघा.

दुकानात मिळणाऱ्या '२२ हजारांत आय७ गेमिंग पीसी'बद्दल मात्र बोलायलाच हवं. तो आय७ असतो, खोटं नाही. पण दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीचा, म्हणजे २०११-१२ चा. सोबत २ जीबीचं जुनं जीटी ७३० कार्ड, आणि बाहेरून चकाचक नवं कॅबिनेट. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी तरी लागते, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्या आईबाबांना 'आय७' एवढंच ऐकून माहीत असतं त्यांच्या गळ्यात हे बांधलं जातं याचा मला खरंच राग येतो.

खरेदी कुठून? अर्धं ऑनलाइन, अर्धं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून. मुंबईचा मावसभाऊ ही गोंयकाराची जुनी पुरवठा साखळी आहे. 'बिल नको असेल तर कमी करतो' या वाक्याला भुलू नका. १८ टक्के जीएसटी वाचतो आणि वॉरंटी जाते. माझ्या कार्डाचा पंखा सहा महिन्यांत खडखडायला लागला. त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर गोव्यात नाही, कुरिअरने पाठवावं लागलं, आणि हातात बिल होतं म्हणून तीन आठवड्यांनी का होईना, बदलून मिळालं. बी४५० घेत असाल तर दुकानदाराला आधी विचारा, बायोस ५००० सिरीजसाठी अपडेट केलेला आहे का. नसेल तर घरी स्क्रीन काळी आणि तुम्ही गार.

सेकंडहँड कार्ड वाईटच असं काही नाही. २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियम या डिजिटल चलनाचं मायनिंग बंद झालं तेव्हा त्यात राबलेली कार्डं ढिगाने बाजारात आली, त्यातली कित्येक अजून ठणठणीत आहेत. किनाऱ्याकडून घेताना मात्र मागच्या पट्टीचे स्क्रू बघा. गंजले असतील तर खाऱ्या हवेने आत काय केलंय त्याचा अंदाज येतो. अर्धा तास गेम चालवून दाखवल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

काचेचं कॅबिनेट मी पहिल्याच फटक्यात रद्द केलं. समोर जाळी हवी, तिच्यामागे धुता येणारा फिल्टर हवा. आमच्याकडची तांबडी धूळ काय चीज आहे ते डिचोलीकरांना वेगळं सांगायला नको. मशीन जमिनीवर ठेवायची नाही, आणि मागच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या काढून टाकायच्या नाहीत. मी एक काढली होती. चवथीच्या साफसफाईला कॅबिनेट उघडलं तर आत पालीचा पूर्ण सांगाडा, शेपटीसकट! पावसाळ्यात रोज तासभर तरी मशीन चालवा, आतली ऊब दमटपणा धरू देत नाही. मशीन सुरूच झाली नाही तर रॅम काढून तिचे सोनेरी दात साध्या खोडरबराने पुसा. हसू नका, मी याच्यावर दोन शेजारी बरे केलेत.

मॉनिटर आत्ता नको म्हटलं, हॉलमधला टीव्ही लाव. ताई लगेच पाठीमागून, "आणि माझ्या मालिका?" तो प्रश्न मी त्यांच्या घरातच सोडवायला ठेवलाय.

काल रात्री सुधारलेली लिस्ट आली. साधा ५६००, बी५५०, पर्वरीच्या एका मुलाकडचं सेकंडहँड ६६००, आठच्या दोन कांड्या, जाळीचं कॅबिनेट, ५५० वॉटचा एसएमपीएस नाव-मॉडेलसकट. पहिल्या ओळीत 'इलेक्ट्रिशियन'. दिव्यांचे पंखे सहाचे तीन झालेत, पण आहेत. ताई म्हणते, "मशीन आणतोय की घरात दिवाळीचा नरकासुर उभा करतोय?" मी काही बोललो नाही, अठरा वर्षांचा आहे तो. कॅबिनेट मावसभावाने घेऊन ठेवलंय, शनिवारी कोकणकन्येने येतंय. सकाळी थिवीला उतरवून घ्यायला मलाच जायचंय, आणि चालू करताना एचडीएमआयची वायर बोर्डात नाही, कार्डात लाव हे सांगायला दुपारी परत फोन येणार, तेही मला माहीत आहे.