आखाजीची गाणी, साडेसहाशे एमबी

तर तुम्हाला आपल्या गावची गाणी वेबसाइटवर चढवायची आहेत. उत्तम. आधी एकच गोष्ट मनाशी पक्की करा: ती कुणी ऐकता कामा नयेत. एवढं ठरलं की पुढचं सगळं आपोआप जमतं.

सुरुवात रेकॉर्डिंगपासूनच करायची. कडुलिंबाला झोका बांधलाय, अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई गाते आहे, झील ओढायला माहेरी आलेल्या दोघी-तिघी, पलीकडच्या ओट्यावर आखाजीचा, म्हणजे आमच्या खान्देशातल्या अक्षय्य तृतीयेचा, पत्त्यांचा डाव रंगलाय. माइक एकच. तरी रेकॉर्डिंग स्टिरिओत करा. डाव्या कानात जे, तेच उजव्या कानात. गाण्यात काही भर पडणार नाही, पण फाईल दुप्पट होईल, आणि गावात माणसाचं वजन हल्ली फाईलच्या वजनावरच ठरतं. सोबत २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झही ठेवा. सीडीला १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ पुरायचं, पण सीडीवाल्यांना आपली आखाजी काय कळणार!

मग ती डब्ल्यूएव्ही, म्हणजे आवाज जराही न चेपलेली फाईल, आहे तशीच साइटवर टाका. खाली ‘ओरिजिनल एचडी क्वालिटी’ लिहायला विसरू नका.

आमच्याकडे हेच झालं. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी आत्याची गाणी यंदा रेकॉर्ड झाली. अडतीस मिनिटं. आमच्यातल्याच एका उत्साही साउंडवाल्या भाऊंनी ती रातोरात चढवली आणि सगळ्या ग्रुपवर लिंक फिरवली. ‘अभिनंदन’, ‘खान्देशचा अभिमान’, हात जोडलेले, फुलं, अंगठे. दोनशेच्या वर अंगठे मी स्वतः मोजले. गाणं ऐकलेला माणूस मात्र एक सापडला नाही.

सापडणार कसा? हिशेब करा ना. सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने, प्रत्येक नमुना २४ बिटांचा, वर डावं-उजवं. म्हणजे सेकंदाला २,३०४ किलोबिट. मिनिटाला सतरा एमबीच्या वर. अडतीस मिनिटांची झाली साडेसहाशे एमबी. रोजचा दीड जीबीचा रिचार्ज मारणारा माणूस हे गाणं दोनदा ऐकेल आणि तिसऱ्यांदा हात जोडेल. तेही रेंज असेल तर. आमच्या गावात रेंज घरात नसते, गच्चीवर असते, आणि वैशाखात दुपारच्या गच्चीवर पापडसुद्धा उन्हाला कंटाळतो. आत्याचा नातू तिथे फोन धरून उभा, गोल चक्कर फिरतंय, दोन ओळी वाजतात, थांबतात, पुन्हा चक्कर. खालून आत्या विचारते, “काबर रे भाऊ, मनं गानं कोठे शे?” पोरगं सांगतं, येतंय आत्ता. दीड तास येत होतं ते.

भाऊंना फोन केला. म्हणाले, “दादा, कॉम्प्रेस केलं की आत्मा जातो.”

आत्मा! घरात जातं चालू असलं की शेजारची कुजबुज ऐकू येत नाही, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. एमपी३चं, म्हणजे आवाज चेपून लहान केलेल्या फाईलचं, गणित याच गोष्टीवर उभं आहे. मोठ्या आवाजाखाली दबलेलं, कानाला एरवीही न पोचणारं जे असतं, ते आधी कमी करायचं आणि बाकीचं जपायचं. फार पिळलं तर आवाज खरंच पत्र्यासारखा होतो, कबूल. पण कुणी म्हटलंय फार पिळा? एकट्या बाईच्या आवाजाला मोनोमध्ये, म्हणजे डावं-उजवं न करता, ६४ केबीपीएस (सेकंदाला ६४ किलोबिट) पुरे, जीव अगदीच वरखाली होत असेल तर ९६ करा. ६४ला तेच अडतीस मिनिटांचं रेकॉर्डिंग अठरा एमबीत बसतं. साडेसहाशे आणि अठरा! आणि जे ऐकणार आहेत ते ऐकणार कशावर, तर शेंगदाण्याएवढ्या स्पीकरवर, ट्रॅक्टरच्या आवाजात. तिथे तुमचा चोविसावा बिट कुठे बसवू?

असो. सल्ले पुढे चालू.

एमपी३ला परवाना लागतो अशी हूल उठवून द्या. त्याची पेटंटं २०१७ सालीच संपली, पण चौकशी कोण करतंय.

अगदीच कुणी मागे लागलं, तर फाईलच्या शेवटचं डब्ल्यूएव्ही खोडून तिथे एमपी३ लिहा. पाटी बदलली की दुकान बदललं.

दुसरी खास खान्देशी युक्ती अशी. आधी गाणं व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज म्हणून पाठवा, म्हणजे ते चांगलं चेपून निघेल. तिकडच्यानं ते उतरवून घ्यायचं आणि पुन्हा डब्ल्यूएव्ही करायचं. आवाज चेपलेलाच, आकार मात्र डब्ल्यूएव्हीचा. भरताचं वांगं भाजून, ठेचून झाल्यावर त्याला परत देठ चिकटवण्यातला हा प्रकार. गेलेला आवाज परत येत नाही, फक्त एमबी येतात. असं केलेली कानबाई देवीची दोन गाणी माझ्याकडे आहेत. पाठवणाऱ्यानं फाईलच्या नावापुढे ‘सुधारित’ लिहिलंय.

बाराही गाणी एकाच फाईलीत ठेवा. झोक्याचं हवं असलेल्यानं गौराईचं ऐकलंच पाहिजे.

आणि एकदा एमपी३ केलीत की मूळ फाईल लगेच उडवून टाका. कार्ड रिकामं करा, पुढच्या आठवड्यात लग्नाची ऑर्डर आहे.

नाही, हे मात्र गंमतीत सांगवत नाही. मूळ ठेवायचं असतं हो! डब्ल्यूएव्ही वाईट आहे असं कुणीच म्हणत नाही. ते घरात ठेवायचं, दोन ठिकाणी ठेवायचं. जागा कमी पडत असेल तर फ्लॅक करा. फाईल बरीच आटोपते, आतला एक थेंबही सांडत नाही, आणि पुन्हा हवं तेव्हा जसंच्या तसं डब्ल्यूएव्ही मिळतं. एमपी३ची कापाकापी नेहमी त्या मुळावरून करायची, एमपी३वरून पुन्हा एमपी३ नाही. बियाणं कणगीत आणि भाकरी ताटात, एवढंच आहे ते. तुम्ही लोकांच्या ताटात बियाण्याचं पोतं ओतलंत आणि वर विचारताय, जेवत का नाही?

भाऊ, आता सरळच बोलतो. तुम्हाला येत नाही म्हणून तुम्ही केलं नाहीत, असं नाहीये. ऑडासिटी हे आवाज कापायचं-जोडायचं सॉफ्टवेअर तुमच्या कॉम्प्युटरवर आहे, मी पाहिलंय, फुकट मिळतं. फाईल उघडायची, एक्सपोर्ट, एमपी३, मोनो, ६४, सेव्ह. चहा निवेपर्यंत होतं. तुम्ही केलं नाहीत कारण ऐकणारा तुमच्या डोक्यातच नव्हता. लिंक फिरली, अंगठे आले, तुमचं काम झालं. आत्याला अहिराणी सोडून दुसरं धड बोलता येत नाही, तिला ‘एचडी’ म्हणजे काय ते माहीत नाही, तिला फक्त आपला आवाज कसा आलाय ते ऐकायचं होतं. आणि तुम्ही तिच्या नातवाला दीड तास उन्हात उभं केलंत.

परवा रात्री मी जळगावला घरच्या वायफायवर ती फाईल उतरवली, ६४ची एमपी३ करून बारा तुकडे केले आणि एसटीनं गावी जाणाऱ्या एका पोराच्या फोनमध्ये भरून दिले. आत्यानं पाचवं गाणं दोनदा लावायला सांगितलं, त्यात मागून कुणीतरी ‘राजा पडला’ म्हणून ओरडतं. तेही ६४मध्ये स्वच्छ ऐकू येतं.

तुकडे तुम्हालाही पाठवलेत. ती साडेसहाशेची तेवढी आज साइटवरून काढा.