होंडा सिटीला लावलेल्या डुअल एक्झॉस्टवरच्या (मागे दोन सायलेन्सर) 2 स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

रिव्ह्यू वाचला. दोन दिवसात गाडी देतो म्हणून सांगितलं आणि मिळाली चौथ्या दिवशी, त्यात तुमचं रत्नागिरीला जायचं राहिलं, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. पुण्याहून बेंड, म्हणजे पायपाचे वाकवलेले तुकडे, यायला उशीर झाला आणि स्पेअर व्हीलच्या खड्ड्याला चुकवून दुसऱ्या बाजूला पायप न्यायला जागा फार कमी होती, तो तुकडा परत बनवावा लागला. तुम्हाला त्रास झाला, त्यावर वाद नाही.

पण पुढे तुम्ही लिहिलंय की डुअलचे पैसे घेऊन सिंगलच सिस्टीम दिली, मागे नुसती दोन तोंडं लावली, पिकअप वाढला नाही, हायवेला आत घुमतं, सरळ सरळ फसवणूक आहे. दादा, हा फसवणूक शब्द लई लागला. उद्यमनगरात वडिलांच्या वेळेपासून आम्ही सायलेन्सरचंच काम करतोय, घर त्याच्यावरच चालतं, आणि नवीन माणूस दुकानात यायच्या आधी हेच वाचतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमची गाडी सिटी 1.5 पेट्रोल. चार सिलिंडर एका रांगेत, चारही सिलिंडरचा धूर पुढे एकाच ठिकाणी गोळा होतो, एकाच कॅटमधून, म्हणजे धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधून जातो आणि तिथून एकच पायप मागे येतो. खरं डुअल, म्हणजे इंजिनपासून मागेपर्यंत दोन वेगळ्या लाइनी, हे ज्या इंजिनाला दोन बाजू असतात त्याला होतं, व्ही 6, व्ही 8 वगैरे. तुम्ही मोबाईलवर दाखवलेली रील मस्टँगची होती, ती 5 लिटर व्ही 8 आहे, एका बाजूला चार सिलिंडर आणि दुसऱ्या बाजूला चार, म्हणून तिला दोन लाइनी शोभतात. तुमच्या गाडीला मागच्या ॲक्सलपाशी वाय, म्हणजे एका पायपाचे दोन करणारा Y आकाराचा जोड, देऊन दोन सायलेन्सरचे डबे लावणं हेच डुअल असतं, कोल्हापुरात करा, पुण्यात करा नाहीतर बाहेरून रेडिमेड किट मागवा. पाटाचं पाणी पुढे दोन सऱ्यांत सोडलं म्हणून विहिरीचं पाणी वाढत नाही, तसंच आहे हे. आणि हे मी तुम्हाला गाडी रॅम्पवर असताना खाली उभं करून, बॅटरी मारून दाखवलं होतं, तुमचे मित्र पण सोबत होते.

पिकअपचं पण तेव्हाच सांगितलं होतं. नॉन टर्बो इंजिनात नुसता मागचा भाग बदलून पॉवर हाताला लागेल इतकी वाढत नाही, उलट दुसऱ्या डब्याचं वजन गाडीवर चढतं. पॉवर पाहिजे तर हेडरपासून, म्हणजे इंजिनाला लागून असलेल्या पायपांपासून सुरुवात करायला लागते, मग ट्यूनिंग, तो खर्च वेगळा आणि त्याची गॅरंटी मी कुणालाच देत नाही. डुअल करायचं ते आवाजासाठी आणि मागून गाडी भरलेली दिसते त्यासाठी, असं मी प्रत्येकाला सांगतो, गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल.

तुम्हाला पूर्ण लाइन अडीच इंची पाहिजे होती आणि मागे दोन्हीकडे पण अडीच इंची. मी नको म्हटलं त्याचं कारण लिहितो, कारण रिव्ह्यूत तुम्ही बारीक पायप घालून पैसे वाचवले असं म्हटलंय. दोन इंची पायपाचं तोंड साधारण 3.1 चौरस इंच भरतं आणि अडीच इंची दोन पायपांचं मिळून 9.8, म्हणजे तिप्पट. तेवढ्या जागेत धुराचा वेग मरतो, आणि लाइन पुढेपासून मोठी केली की खालचा टॉर्क, म्हणजे कमी आरपीएमला गाडीची ओढ, पडतो. या इंजिनाचा 145 एनएम टॉर्क मुळात येतोच 4600 आरपीएमला, खाली आधीच कमी, तो अजून घालवला असता तर आंबा घाटात सारखा गिअर उतरवायला लागला असता आणि तेव्हा पण शिव्या मलाच बसल्या असत्या. म्हणून वायपर्यंत दोन इंची आणि तिथून मागे दोन्हीकडे पावणेदोन इंची पायप ठेवला. यात माझे काही हजार वाचले नाहीत, फरक अगदी किरकोळ असतो.

36,000 जास्त वाटले हे समजू शकतो, बाहेर 15 मध्ये पण डुअल करून देतात. पण तुमच्या गाडीला सगळा पायप 304 ग्रेडचं स्टेनलेस स्टील आहे, आरगॉन गॅसवर टिग वेल्डिंग आहे, पायपाचं बिल तुम्हाला दाखवलंय. बरेच जण लोहचुंबक लावून दाखवतात की बघा चिकटत नाही म्हणजे 304, तर तसं नसतं, 202 या हलक्या ग्रेडच्या स्टीलला पण चुंबक चिकटत नाही, आणि 202 आपल्याकडच्या पावसात लवकर गंजायला लागतं.

आता घुमण्याचं. मधला रेझोनेटर, म्हणजे घुमणारा आवाज मारणारा छोटा डबा, काढू नका, हायवेला त्रास होईल, असं मी दोनदा बोललो. तरी तुम्ही रात्री व्हॉट्सॲप केलात की काढाच, आवाज दबतोय, तो मेसेज अजून आहे. पाचव्या गिअरमध्ये 2500 आरपीएमच्या आसपास चार सिलिंडरचे सेकंदाला 83 ठोके पडतात, नेमका तो जाड आवाज बंद केबिनमध्ये भरतो आणि डोकं धरतं. रेझोनेटर त्यासाठीच असतो. तुम्ही कॅट पण काढायला सांगत होता, ते मात्र मी ऐकलं नाही आणि कुणाचंच ऐकणार नाही. कॅट काढला की पीयुसीला अडचण, आणि आवाज, धूर नियमाबाहेर गेला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 190 खाली 10,000 पर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स जाऊ शकतं. पोलीस काढून घेतलेले सायलेन्सर रोडरोलरखाली घालतात ते फोटो सगळ्यांनी बघितलेत. तुमची गाडी तशी अडकावी असं मला वाटत नाही.

तरी तुम्ही नाराज होऊन गेलात ते मला चालणार नाही. गाडी घेऊन या, रेझोनेटर परत बसवून देतो, मजुरी घेणार नाही, फक्त नवीन रेझोनेटरची किंमत द्या, जुना तुम्ही घरी नेला असेल तर तोच आणा, मग काहीच लागणार नाही. डाव्या टिपला, म्हणजे सायलेन्सरच्या मागच्या तोंडाला, बंपर घासतोय लिहिलंय ते पण त्यातच बघतो, हँगरचा रबर सैल असेल. इथून पुढे काय करणार काय नाही ते कोटेशनवर लिहून द्यायचं आणि तारीख जरा सांभाळून सांगायची असं पोरांना सांगितलंय, बाकी पण सुधारणा चालू आहेत.

काम बघून मग स्टार ठेवायचे का बदलायचे ते तुमचं तुम्ही ठरवा, मी काही म्हणणार नाही, फक्त तो एक शब्द तेवढा काढता आला तर बघा. सोमवारी आमची सुट्टी असते, बाकी कधीही या, सकाळी आलात तर दुपारपर्यंत गाडी मिळेल, येण्याआधी एक फोन करा म्हणजे रॅम्प मोकळा ठेवतो.