सरपणाची वखार आणि शेजाऱ्याचा हक्क

महाराष्ट्रातले दोन वाद मी गेला बराच काळ इंग्लंडमध्ये राहून लक्षपूर्वक वाचत आलो आहे. पहिला अकृषिक परवानगीचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 42 नुसार शेतजमीन शेतीखेरीज अन्य कामासाठी वापरायची असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ही अट म्हणजे सामान्य माणसाचा निव्वळ छळ आहे आणि ती काढून टाकावी असे म्हणणारा वर्ग मोठा आहे, आणि शासनानेही टप्प्याटप्प्याने ती सैल करत आणली आहे. दुसरा वाद वृक्षतोडीच्या दंडाचा. 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्यातला एक हजार रुपयांपर्यंतचा दंड एकदम पन्नास हजारांवर नेण्याचे राज्य मंत्रिमंडळाने ऑगस्ट 2024 मध्ये ठरवले, तेव्हा कोकणातल्या मालकी रानांच्या धन्यांनी त्याला कडाडून विरोध केला. या दोन्ही वादांत जमीनमालक बोलतो, सरकार बोलते आणि पर्यावरणवादीही बोलतात. पण ज्याच्या दारावरून लाकडाचे ट्रक जाणार आहेत आणि ज्याच्या कानाशी दिवसभर यंत्र चालणार आहे, त्या शेजाऱ्याचा उल्लेख मला क्वचितच आढळला.

मी मूळचा संगमेश्वर तालुक्यातला. गेली अनेक वर्षे वेल्सच्या सीमेलगतच्या श्रॉपशायर परगण्यात राहतो आणि आमच्या खेड्याच्या पॅरिश कौन्सिलचा सदस्य आहे. पॅरिश कौन्सिल म्हणजे साधारणपणे आपली ग्रामपंचायत, फक्त तिच्या हाती अधिकार फारच थोडे असतात. जमिनीच्या वापराबाबत निर्णय वरची कौन्सिल घेते, आम्ही केवळ अभिप्राय कळवतो. असे अर्ज वाचताना एक विषय वारंवार समोर आला, तो म्हणजे शेतावर सरपणाचा धंदा चालवण्याची परवानगी. विषय लहान दिसतो. पण शेती कुठे संपते आणि उद्योग कुठे सुरू होतो, याचा इतका नेमका कस लावणारा दुसरा धंदा माझ्या पाहण्यात नाही.

इथल्या कायद्याची बैठक आधी सांगायला हवी. 1947 चा नगर व ग्राम नियोजन कायदा 1 जुलै 1948 रोजी अमलात आला आणि तेव्हापासून जमिनीची मालकी आणि जमिनीचा वापर बदलण्याचा हक्क या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. जमीन तुमची असली तरी तिथे काय चालावे हे ठरवण्यात समाजाचा वाटा आहे, हे तत्त्व सत्तांतरे होऊनही टिकून राहिले. सध्या लागू असलेल्या 1990 च्या कायद्याच्या कलम 55 प्रमाणे वापरातला लक्षणीय बदल हा विकास ठरतो आणि त्याला परवानगी लागते. शेती आणि वनशेती यांना मात्र त्यातून वगळलेले आहे. त्यामुळे शेतकऱ्याने स्वतःच्या रानातले लाकूड तोडले, तिथेच कापून, फोडून, वाळवून विकले, तर ते सर्वसाधारणपणे वनशेतीचाच भाग मानले जाते. तोच शेतकरी बाहेरून ओंडके विकत आणून आपल्या गोठ्याशेजारी फोडू लागला, तर तो उद्योग चालवतो आहे असे धरले जाते. यंत्र तेच, माणूस तोच, गिऱ्हाईकही तेच. फरक पडतो तो लाकूड कुठून आले यावर.

या दोन टोकांच्या मधली जागा फार मोठी आहे. निम्मे लाकूड घरचे आणि निम्मे बाहेरचे असेल तर काय? न्यायालये म्हणतात की हा प्रश्न वस्तुस्थितीचा आणि प्रमाणाचा आहे. आमच्याच श्रॉपशायरमधल्या एका द्राक्षमळ्याच्या प्रकरणात 1999 साली अपील न्यायालयाने ठरवले, की स्वतःच्या मळ्यातल्या द्राक्षांची तिथेच वाइन करणे ही शेतीच आहे. मे 2024 मध्ये नियम आणखी सैल झाले. जुन्या शेती इमारतींचा एक हजार चौरस मीटरपर्यंतचा भाग पूर्ण अर्ज न करता अन्य धंद्यांसाठी वापरण्याची मुभा वाढली आणि त्यात कच्च्या मालावर प्रक्रिया करण्याचाही समावेश झाला; मात्र तो माल त्याच जागी पिकलेला आणि तिथेच विकला जाणारा असला पाहिजे. म्हणजे सवलत वाढवतानाही माल कुठून आला हा प्रश्न कायद्याने सोडला नाही.

आमच्या गल्लीतले उदाहरण सांगतो. गल्ली म्हणजे दोन्ही बाजूंना कुंपणाची दाट झाडी असलेला, एकच गाडी जाईल एवढा रस्ता. त्यावरच्या एका शेतकऱ्याने गायी विकल्या होत्या आणि गोठा रिकामा होता. 2012 मध्ये ब्रिटनमध्ये आढळलेल्या बुरशीजन्य रोगाने ॲशची झाडे जागोजाग वाळू लागली, तशी त्याने बांधावरची मेलेली झाडे तोडून सरपण विकायला सुरुवात केली. ॲशचे लाकूड उत्तम जळते, त्यामुळे मागणी वाढली, घरचे लाकूड पुरेना, आणि मग बाहेरून ओंडक्यांचे अवजड ट्रक येऊ लागले. ट्रॅक्टरवर चालणारे यंत्र त्याने उघड्या अंगणात लावले होते. ओंडका पट्ट्यावरून पुढे सरकतो, करवत खाली येते तेव्हा कानठळ्या बसवणारा आवाज होतो, मग दट्ट्या तुकड्यावर धडकून त्याच्या फाका पाडतो. आणि हे दर अर्ध्या मिनिटाला, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. शेजाऱ्यांनी तक्रार केली. कौन्सिलचा अधिकारी आला, त्याने ढिगांची मापे घेतली, खरेदीची बिले मागितली आणि वापर बदलला आहे असे सांगून अर्ज करायला लावले.

अर्ज झाल्यावर फाटकाच्या खांबाला प्लास्टिकमध्ये घातलेली सूचना बांधली गेली. एकवीस दिवसांत कोणीही लेखी म्हणणे मांडू शकत होता. नकाशे, आवाजाचा अहवाल, रस्ते विभागाचे मत, बाजूची आणि विरोधातली पत्रे हे सर्व कौन्सिलच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येत होते, आणि शेवटी अधिकाऱ्याला आपल्या टिपणात प्रत्येक मुद्द्याला उत्तर द्यावे लागले. परवानगी मिळाली, पण अटींसह. यंत्र गोठ्याच्या आत, दारे बंद ठेवून चालवायचे. काम सोमवार ते शुक्रवार आणि शनिवारी दुपारपर्यंत. ट्रकच्या फेऱ्यांना आणि उघड्यावरच्या ढिगाला मर्यादा. बाहेरून किती लाकूड आले याची नोंदवही. धंदा आजही चालू आहे आणि तक्रार करणाऱ्यांपैकी काही जण त्याच्याकडूनच सरपण घेतात.

तयार मालालाही नियम आहे. मे 2021 पासून इंग्लंडमध्ये दोन घनमीटरपेक्षा कमी प्रमाणात विकल्या जाणाऱ्या सरपणात ओलावा 20 टक्क्यांहून अधिक असून चालत नाही, कारण ओले लाकूड धूर फार करते. आमचा शेतकरी गिऱ्हाइकासमोर फाक पुन्हा फोडतो आणि ओलाव्याच्या मापकाच्या दोन सुया नव्या पृष्ठभागात टोचून आकडा दाखवतो.

इथली व्यवस्था निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. आठ आठवड्यांत व्हायचा निर्णय कित्येकदा महिनोन्महिने लांबतो. आवाजाचा अहवाल आणि सल्लागाराची फी यांवर हजारो पौंड खर्च होतात, आणि लहान शेतकरी त्यापायी धंदाच सोडून देतो. शहरातून निवृत्त होऊन आलेली माणसे खेडे म्हणजे केवळ शांतता असे समजतात आणि शेतावरच्या प्रत्येक कामाला हरकत घेतात, याचा मला मनस्वी राग येतो. ज्या खेड्यात काम उरत नाही तिथली शाळाही उरत नाही. आणि वापरबदल सलग दहा वर्षे कोणाच्या लक्षात आला नाही तर त्यावर सर्वसाधारणपणे कारवाई करता येत नाही, ही तरतूद तर लपवणाऱ्याला बक्षीस देणारी आहे.

तरीही संगमेश्वरकडे पाहताना मला जी उणीव भासते ती खर्चाची किंवा वेळेची नाही. आपल्याकडे लाकडावर नियमांची वाण नाही. 1964 च्या कायद्याच्या अनुसूचीत साग, खैर, ऐन, किंजळ, आंबा, फणस, हिरडा, जांभूळ अशी झाडे आहेत आणि ती तोडायला परवानगी लागते. माल हलवायला वाहतूक परवाना लागतो. जंगलतोडीविरुद्धच्या गोदावर्मन प्रकरणात 12 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशापासून आरा गिरण्यांवर कडक निर्बंध आले. पण हे सगळे नियम झाड, ट्रक आणि करवत यांच्याभोवती फिरतात. वखार जिथे उभी राहते त्या वाडीचे काय होईल, हे यांपैकी एकही नियम विचारत नाही. अकृषिक परवानगीच्या फायलीत सातबारा असतो, फेरफार असतो, नकाशा असतो, भोगवटादाराचा वर्ग तपासला जातो, ग्रामपंचायतीचा नाहरकत दाखला जोडलेला असतो. लाकूड कुठून येणार, दिवसाला किती ट्रक येणार आणि पावसाळ्यात वाडीच्या रस्त्याची काय अवस्था होणार, याबद्दल त्या फायलीत एक ओळही नसते. नाहरकत दाखला कधी दिला गेला हे शेजाऱ्याला ट्रक दारात आल्यावर कळते. शिवाय कलम 44 नुसार नव्वद दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असे मानले जाते. म्हणजे अधिकाऱ्याच्या आळसाची किंमत अर्जदाराऐवजी शेजारी मोजतो.

म्हणूनच अकृषिक परवानगी सरसकट काढून टाका म्हणणाऱ्यांशी माझे पुरते जमत नाही. तिच्यातला महसुली जाच जावा हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण शेजाऱ्याचे म्हणणे ऐकण्याची संधी निर्माण होऊ शकेल अशी ती एकच पायरी आहे. ती पाडून टाकली तर शेजाऱ्याला तक्रार घेऊन थेट दिवाणी न्यायालयात जावे लागेल, आणि तिथे एका आयुष्यात निकाल लागेलच असे नाही.

पन्नास हजारांच्या दंडाबद्दलही माझे मत असेच बनले आहे. कोकणात रान तोडायला ठेकेदाराला उक्ते दिले जाते. मालकाच्या हाती ठरीव रक्कम पडते, लाकडाचा खरा पैसा पुढे होतो, आणि दंडाचा बोजा मात्र ज्याच्या नावावर सातबारा त्याच्यावर पडण्याची भीती असते. वीस गावांतले लाकूड जिथे एकत्र येते त्या वखारीवर नोंदवही आणि तपासणी ठेवणे वीस गावांतल्या प्रत्येक बुंध्याशी पहारा ठेवण्यापेक्षा कितीतरी सोपे आहे. इंग्लंडमध्ये तर तिमाहीला पाच घनमीटरपर्यंतची तोड, त्यातले दोन घनमीटरपर्यंत विकले तरी, सर्वसाधारणपणे परवान्याशिवाय करता येते, कारण घरगुती गरजेपुरते लाकूड काढणाऱ्याच्या मागे लागण्यात कोणाचेच हित नाही. बांबूला 2017 मध्ये आपण झाडाच्या व्याख्येतून काढले, तशीच मोकळीक स्वतःच्या रानातले थोडे सरपण विकणाऱ्यालाही द्यायला हवी.

मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये मुंबईतल्या लाकूड व कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत हरित इंधनावर नेण्याचा आदेश दिला, त्यामुळे बेकऱ्यांची मागणी कमी होईल आणि वखारींचा प्रश्न आपोआप सुटेल, असे काही जण म्हणतात. मला तसे वाटत नाही. एक गिऱ्हाईक गेले तर दुसरे येईल, आणि लाकडाऐवजी चिरा, खडी किंवा वाळू आली तरी वाडीचा रस्ता तोच असेल.

मागणी करायची ती मर्यादित आणि आजच्या यंत्रणेत बसणारी असावी. बाहेरचे लाकूड आणून चालणाऱ्या प्रत्येक वखारीच्या अर्जाची सूचना जागेवर आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर एकवीस दिवस लागावी. सर्व कागद तलाठ्याकडे आणि संकेतस्थळावर वाचायला मिळावेत. हरकत घेणाऱ्याला पोच मिळावी आणि आदेशात त्याच्या मुद्द्याला लेखी उत्तर असावे. कामाच्या वेळा, ट्रकच्या फेऱ्या आणि लाकडाची नोंदवही या अटी आदेशातच घातलेल्या असाव्यात, आणि जिथे लेखी हरकत नोंदवली गेली आहे तिथे नव्वद दिवसांच्या मानीव परवानगीचा लाभ मिळू नये.