बुडालेलं जहाज, चौदाव्यांदा

वासा हे जहाज मी आजवर तेरा वेळा बुडवलं आहे. १० ऑगस्ट १६२८ ला ते खरोखर बुडालं तेव्हा स्वीडनचा राजा गुस्ताव अडॉल्फ परदेशात लढाईवर होता, त्यामुळे त्याला प्रत्यक्ष बघावं लागलं नाही. मला ती सोय नाही. मी स्टॉकहोममध्येच राहतो.

स्टॉकहोममध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला दोन नोकऱ्या असतात. एक पगाराची, आणि दुसरी मे ते ऑगस्ट या काळातली, गाइडची. हिवाळ्यात कोणी फिरकत नाही. डिसेंबरात इथे दुपारी तीनच्या आत दिवे लागतात, ही माहिती आमच्या नातेवाइकांत कुंडलीसारखी फिरलेली आहे. एप्रिल संपला की मात्र फोन येतो, "तुला त्रास नको, आम्ही आपले हॉटेलात उतरू." हे वाक्य ज्याने उच्चारलं तो हॉटेलात उतरल्याचं एकही उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

चौदाव्या खेपेला जूनमध्ये काका-काकू आले. काका छत्तीस वर्षं सरकारी बांधकामात काढून निवृत्त झालेले. काकूंच्या तेवीस किलोच्या बॅगेत कपडे चार किलोचे, बाकी भाजणी, मेतकूट आणि "इथे मिळत नसेल म्हणून" आणलेलं मीठ.

पहिल्याच दिवशी काकूंचं बिनसलं, ते सूर्यावरून. तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावायचा हा त्यांचा नेम. साडेसात झाले, ऊन. साडेआठ झाले, ऊन. साडेनऊला त्या तेलवात करून हातात काड्यापेटी घेऊन खिडकीशी उभ्या, आणि समोरच्या गच्चीवर एक स्वीडिश आजोबा उघड्या अंगाने ऊन खात बसलेले. दहा वाजून गेल्यावर एकदाचा सूर्य टेकला आणि शुभंकरोति झालं. पहाटे साडेतीनला तो परत हजर. "झोपतो कधी मेला?" असं त्यांनी विचारलं. सूर्याला की आजोबांना, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी वासा.

हे संग्रहालय म्हणजे एक थंड, अंधारी वखार, आणि मध्ये एकोणसत्तर मीटर लांबीचं काळं जहाज. माझं निवेदन आता आरतीसारखं झालं आहे, मधूनच कोणी थांबवलं तर पुन्हा पहिल्यापासून म्हणावं लागतं. चौसष्ट ब्राँझच्या तोफा. सफरीवर निघण्याआधी स्थिरतेची चाचणी म्हणून तीस माणसांना डेकवर या बाजूकडून त्या बाजूकडे पळवलं. तीन फेऱ्यांत जहाज इतकं डोलायला लागलं की अ‍ॅडमिरलसाहेबांनी चाचणीच थांबवली, नाहीतर ते धक्क्यालाच उलटलं असतं.

"चाचणी थांबवली," काका म्हणाले, "जहाज नाही थांबवलं?"

"नाही काका. राजाला घाई होती."

काकांनी मान हलवली. ही मान मी ओळखतो. उद्घाटनाची तारीख आधी ठरते आणि पूल नंतर होतो, हे ज्याने छत्तीस वर्षं पाहिलंय त्याची ती मान होती.

जहाज निघालं, वाऱ्याचे दोन झोत आले, तोफांच्या उघड्या झरोक्यांतून पाणी आत शिरलं आणि साधारण तेराशे मीटर जाऊन ते बुडालं. तेराशे मीटर! एवढ्या जवळच्या अंतराला पुण्यात रिक्षावाला येतसुद्धा नाही.

एरवी पाहुणे इथे "अरेरे" म्हणतात आणि भेटवस्तूंच्या दुकानाकडे वळतात. काका वळले नाहीत. एका काचेच्या पेटीत सुतारांच्या मापपट्ट्या ठेवल्या आहेत, त्यापाशी ते वाकले. जहाजात चार पट्ट्या सापडल्या: दोन स्वीडिश फुटाच्या, म्हणजे बारा इंची; दोन अ‍ॅमस्टरडॅमच्या फुटाच्या, अकरा इंची. वेगवेगळ्या देशांचे सुतार, ज्याची त्याची पट्टी. जहाजाची डावी बाजू उजवीपेक्षा जाड झाली आहे. काकांनी चश्मा पुसला, पुन्हा घातला आणि मला दंडाला धरून म्हणाले, "दोन मिस्त्री लावले होते रे!" आवाजात असा जिव्हाळा, की जणू त्या मिस्त्रींचा पत्ता त्यांच्याकडे होता.

"मग चौकशी?"

"झाली ना. कप्तानाला लगेच अटक केली. त्याने सांगितलं, तोफा नीट बांधलेल्या होत्या. बांधणाऱ्यांनी सांगितलं, मंजूर मापाप्रमाणे बांधलंय. मुख्य कारागीर आदल्याच वर्षी वारला होता."

"मापं मंजूर कोणी केली होती?"

"राजाने."

"आणि शिक्षा?"

"कोणालाच नाही."

काका एकदम मोकळं हसले. तीन आठवड्यांच्या मुक्कामात ते इतके प्रसन्न दुसऱ्यांदा दिसले नाहीत. "उत्तम नोटिंग," एवढंच म्हणाले, आणि खिशातून छोटी वही काढून काहीतरी टिपून घेतलं.

काकूंच्या शंका वेगळ्या होत्या. "तीनशे तेहतीस वर्षं पाण्यात राहून लाकूड कुजलं कसं नाही?" मी सांगितलं की बाल्टिकचं पाणी कमी खारट, त्यात लाकूड पोखरणारा तो समुद्रातला किडा जगत नाही. आणि १९६१ साली वर काढल्यावर त्यावर सतरा वर्षं एक मेणासारखं रसायन फवारत होते, नाहीतर सुकताना चिरफळ्या उडाल्या असत्या. काकूंना हे ताबडतोब पटलं. "मुरवलं म्हणायचं," त्या म्हणाल्या. चौदा खेपांत यापेक्षा नेमकी व्याख्या मला सुचली नव्हती. पुढच्या पाहुण्यांना मी तीच सांगणार आहे.

बाहेर आल्यावर कॉफी. इथे कॉफी आणि दालचिनीचा गोल पाव घेऊन निवांत बसण्याला 'फीका' म्हणतात. काकूंनी एक घोट घेतला, तोंड कडू केलं आणि म्हणाल्या, "फिका कसला, काढा आहे हा."

तिसरा दिवस सिटी हॉलचा. रॅग्नर ऑस्टबर्गने ८० लाख विटा लावून बांधलेली, १९२३ साली पुरी झालेली इमारत. नोबेलची मेजवानी होते ते दालन म्हणजे निळं दालन, ब्लू हॉल. ते लाल आहे. आर्किटेक्टने निळा रंग द्यायचं ठरवलं होतं, पण विटा लागल्यावर त्याला त्याच इतक्या आवडल्या की रंग राहून गेला. नाव तोवर कागदोपत्री चढलं होतं.

"बदललं नाही?" काकांनी विचारलं आणि वही काढली.

नोबेल म्हटल्यावर मी माझा ठेवणीतला मुद्दा काढला. २०१९ साली अभिजित बॅनर्जींनी धोतर नेसून अर्थशास्त्राचं नोबेल घेतलं. त्यांच्या आई मूळच्या मराठी. "म्हणजे अर्धं आपलं," काकू म्हणाल्या. काकांनी दुरुस्त केलं: ते तिघांत विभागून होतं, म्हणजे एक तृतीयांशाचं अर्धं, एक षष्ठांश. मग दोघं ब्लू हॉलच्या जिन्यावर आपल्या एक षष्ठांशाचा फोटो काढायला उभे राहिले. मागे पन्नास चिनी पर्यटक खोळंबले होते.

वरच्या सोनेरी दालनात भिंतीवर १ कोटी ८० लाख सोनेरी चकत्या आहेत. तिथे छताच्या कडेला घोड्यावर बसलेला संत एरिक आहे, त्याला डोकं नाही. गाइडबाई सांगतात की खालून चित्र लावत वर गेले आणि उंचीचा हिशेब चुकला, छत आधी आलं. काकांनी वहीत तिसरी नोंद केली. मी डोकावून पाहिलं. वर मथळा होता: 'स्टॉकहोम – त्रुटी'.

राजवाड्याचं, पहारा बदलण्याचं वगैरे फार काही सांगत नाही. सहाशेहून जास्त खोल्या आहेत हे ऐकून काकूंना फक्त केर काढणाऱ्या बाईची काळजी वाटली. नव्वद सेंटिमीटर रुंदीची प्रसिद्ध गल्ली दाखवली तर काका म्हणाले, "हिच्यातून आमच्या पेठेत दोन स्कूटर समोरासमोर जातात."

मग फिनिश चर्चमागचं अंगण. तिथे शहरातला सगळ्यात लहान पुतळा आहे, जेमतेम पंधरा सेंटिमीटरचा. लोखंडी पोरगा, गुडघे छातीशी घेऊन चंद्राकडे बघत बसलेला. लीस एरिक्सन नावाच्या शिल्पकाराने केला. लोक त्याच्या डोक्यावरून हात फिरवतात, पुढे नाणी ठेवतात. टक्कल घासून घासून तुकतुकीत झालं आहे. थंडीत कोणीतरी त्याला टोपी-मफलरही घालतं, एवढं मी बोलून गेलो. चूक माझीच.

काकू खाली बसल्या. पर्समधून नारळाची वडी काढून नाण्यांच्या शेजारी ठेवली. मग सुईदोऱ्याच्या डबीतला पांढरा दोरा काढला, पोराच्या डोक्याभोवती गुंडाळला, कानापाशी गाठ मारली, हनुवटीपाशी दुसरी. तो दोरा चिमटीत धरून त्या उठल्या तेव्हा काकांच्या वहीत लिहिण्यासारखं काही उरलं नव्हतं.

जानेवारीत, पुण्याहून सुट्टी संपवून आलेल्या मित्राने चकलीचा डबा दिला. आत, प्लास्टिकच्या पिशवीत, लिंबाएवढी लोकरीची कानटोपी. केशरी, बंदांना गोंडे. सोबत चिठ्ठी: 'घाल आणि फोटो पाठव.'

शनिवारी दुपारी उणे नऊ तापमानात मी गेलो. पोराच्या डोक्यावर आधीच कोणाची तरी निळी टोपी होती. शेजारच्या बाकावर एक म्हातारी स्वीडिश बाई बसली होती. स्वीडिश माणसं बोलत नाहीत, नुसती बघतात. निळी टोपी काढायला मी हात घातला तशी ती अशी काही बघू लागली की मी हात मागे घेतला. शेवटी निळीवरच केशरी ओढून बसवली. ताणून बसली. बोटं बधिर झालेली, बंद कसेबसे बांधले, फोटो काढला, पाठवला.

मेट्रोत शिरेपर्यंत उत्तर आलं होतं.

'गोंडे पुढे यायला हवेत. उद्या परत जा.'