‘हालोगालो’ हे गाणेच आहे: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार. आपली सविस्तर प्रतिक्रिया वाचली आणि तिला तितकेच सविस्तर उत्तर द्यावेसे वाटले. पश्चिम जर्मनीतल्या ‘नॉय!’ या जोडीच्या ‘हालोगालो’वर मी जे लिहिले, त्यावर आपले तीन आक्षेप आहेत. दहा मिनिटे एकच ठेका आणि एकच स्वराधार असलेल्या, शब्द नसलेल्या या ध्वनिमुद्रणाला गाणे म्हणता येत नाही. त्यातला ड्रमर यंत्रासारखा वाजवतो. आणि पुढे डेव्हिड बोवीसारख्या नामवंत ब्रिटिश गायकाने वाखाणले म्हणूनच रसिक त्याला डोक्यावर घेतात.

शेवटचा आक्षेप आधी घेतो, कारण त्याचे उत्तर थोडक्यात देता येते. हे गाणे ज्या तबकडीवर आहे ती 1972 साली निघाली तेव्हा जर्मनीबाहेर ती फारशी कोणाच्या कानावर पडली नाही, आणि पुढे दोघा वादकांमधल्या मतभेदांमुळे 2001 सालापर्यंत तिची अधिकृत सीडीही बाजारात येऊ शकली नाही. डोक्यावर घेतलेल्या संगीताची अशी आबाळ होत नसते.

ठेक्याचा मुद्दा मात्र मोलाचा आहे. मैफलीत एखाद्या तबलजीने असे वाजवले असते तर श्रोत्यांनी त्याला उठवले असते, असे आपण लिहिता. मला नेमके उलटे वाटते. विलंबित ख्यालात गवई आलापी करत असताना साथीदार मधे मधे आपली करामत दाखवू लागला, तर जाणकारांच्या कपाळाला आठ्या पडतात. स्वच्छ, भरीव आणि न ढळणारा ठेका धरणारा तबलजीच तिथे हवा असतो. या जोडीतले ड्रमर क्लाउस डिंगर इथे तेच करतात, फरक इतकाच की त्यांच्या वादनात समेवर येण्याचा आणि दाद घेण्याचा क्षणच नाही. हाय-हॅट, म्हणजे ड्रमच्या संचातली झांजांची जोडी, अखंड चालू राहते, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर हा कडक आवाजाचा ड्रम पडतो, आणि हे सारे हातांनी वाजवलेले असल्यामुळे प्रत्येक आघाताचे वजन किंचित वेगळे लागते. समीक्षकांनी या तालाला पुढे यंत्राची आठवण करून देणारे नाव चिकटवले, ते स्वतः डिंगर यांना मुळीच रुचले नव्हते.

आता त्या ठेक्यावर काय घडते ते पाहू, कारण आपल्या प्रतिक्रियेत गिटारचा उल्लेखच नाही आणि माझ्या मते गाण्याचा जीव तिथेच आहे. एक गिटार, स्वराचा पोत पायाने बदलणाऱ्या वा-वा पेडलवरून, तोकडे, तुटक आघात करत ठेक्याला चिकटून चालते. तिच्या वर दुसऱ्या गिटारींचे लांबलचक स्वर येतात, ज्यांना सुरुवातीचा टणत्कार नाही. ते हळूहळू फुगत जातात आणि एकदम मिटतात, कारण टेप उलटी करून त्यांचा वापर केलेला आहे. हे थर कोणता केव्हा पुढे आणायचा आणि केव्हा मागे सारायचा, ही किमया ध्वनिमुद्रक कॉनी प्लांक यांची. डिसेंबर 1971 मध्ये हॅम्बर्गच्या स्टुडिओत अवघ्या चार रात्रींत संपूर्ण तबकडी मुद्रित झाली, हे लक्षात घेतले की त्या मिश्रणातली शिस्त अधिकच थक्क करते. (या जोडीच्या दुसऱ्या तबकडीची एक बाजू, पैसे संपल्यामुळे, आधीचीच दोन गाणी वेगवेगळ्या गतींनी वाजवून भरलेली आहे, तिच्यावर आपण कोरडे ओढले असते तर मी वाद घातला नसता.)

या गिटारी वाजवणारे जोडीतले दुसरे वादक मिखाएल रोटर यांना चमकदार सोलो, म्हणजे एकट्याने पुढे येऊन वाजवायच्या जागा, येत नव्हत्या असे नाही. शाळकरी वयापासून त्यांनी इंग्रज आणि अमेरिकन गिटारवादकांची हुबेहूब नक्कल करण्यात काही वर्षे घालवली होती, आणि ब्लूज या अमेरिकन संगीतशैलीचे ते साचे आपले नाहीत हे उमगल्यावर त्यांनी ते जाणीवपूर्वक टाकून दिले. 1960 च्या दशकाच्या आरंभी त्यांच्या बालपणाची काही वर्षे कराचीत गेली होती, आणि तिथे कानी पडलेल्या, आदिअंत नसल्यासारख्या वाटणाऱ्या संगीताने आपल्यावर खोल ठसा उमटवला असे ते मुलाखतींतून सांगत आले आहेत. म्हणून या गाण्यात सोलोची वाट पाहणाऱ्याची निराशा होते, हे आपले निरीक्षण खरे आहे, पण त्याला उणीव म्हणणे मला मान्य नाही.

हे चार मिनिटांत सांगून झाले नसते का, असेही आपण विचारले आहे. झाले नसते. पहिली काही मिनिटे कान बदलाची वाट पाहत राहतो आणि म्हणूनच त्याला कंटाळा जाणवतो. ती अपेक्षा गळून पडली की मग स्नेअरच्या वजनातले फरक, एका गिटारीची जागा दुसरीने घेण्याची रीत, असे बारकावे ऐकू येऊ लागतात, आणि त्यासाठी ही लांबी लागतेच. आपल्याकडे वेळ असेल तेव्हा हेडफोन लावून सहाव्या मिनिटापासून पुढे फक्त डिंगर यांच्या स्नेअरकडे लक्ष द्या, आणि तरीही यंत्रच ऐकू आले तर तसे जरूर कळवा. त्यावर पुढे बोलायला मला मनापासून आवडेल.