खाणीच्या पाण्यातला खजिना

चीनने एप्रिल २०२५मध्ये सात दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांच्या (रेअर अर्थ) निर्यातीवर बंधनं आणली, तेव्हापासून भारतातल्या मित्रांशी फोनवर बोलणं अवघड झालंय. विषय कुठलाही निघो, शेवटी तेच ऐकायला मिळतं : "तिकडे अमेरिकेत कोळसाखाणीच्या सांडपाण्यातून रेअर अर्थ काढतात, आणि आपण वर्धा खोऱ्यातल्या खाणींचं पाणी पंपाने उपसून नाल्यात सोडतो. केवढी संपत्ती वाहून जाते!"

मी राहतो वेस्ट व्हर्जिनियात आणि पोट भरतो खाणीच्या याच पाण्याचे नमुने तपासून. त्यामुळे चिडचिड जरा जास्तच होते.

ही मूलद्रव्यं पाण्यात आपोआप येत नाहीत, त्यांना आम्ल बाहेर काढतं. कोळशातल्या आणि भोवतालच्या खडकातल्या पायराइटला (लोखंड आणि गंधकाचं खनिज) हवा-पाणी लागलं की गंधकाम्ल तयार होतं. ते शेल नावाच्या पापुद्र्यांच्या खडकातून, चिकणमातीतून ही मूलद्रव्यं सोडवून घेतं आणि पाण्यातलं सल्फेट त्यांच्याशी जोडी जमवतं. सामू (पीएच, कमी म्हणजे जास्त आम्ल) तीनच्या आसपास असेल तोवर ती पाण्याबरोबर निमूट वाहत राहतात. लोखंडाचा नारिंगी गाळ साडेतीनच्या सुमारास बसू लागतो, पण तो त्यांना फारसा धरत नाही. सामू पाचाच्या पुढे सरकला की ॲल्युमिनियमच्या पांढऱ्या गाळाला चिकटून ती खाली बसू लागतात. यांतल्याच सिरियमची तऱ्हा निराळी : मँगनीजच्या ऑक्साइडवर त्याचं ऑक्सिडीकरण होतं आणि ते बाकीच्यांना सोडून तिथेच अडकतं.

आता वर्धा खोरं. आपल्या गोंडवाना कोळशात गंधक बहुधा एक टक्क्याहून कमी, त्यामुळे बहुतेक खाणींचं पाणी उदासीन किंवा जरासं अल्कधर्मी. अशा पाण्यात रेअर अर्थ शोधायचं म्हणजे नुसता हौसेचा मामला. मध्य प्रदेशात सिंगरौली भागातल्या गोरबी खाणीसारखे आम्लधर्मी पाण्याचे अपवाद आहेत, पण फोनवर गोरबीचं नाव कुणी काढत नाही.

"मग केरळच्या किनाऱ्यावरचं मोनाझाइट? त्यातही रेअर अर्थ आहेतच की!" हा पुढचा प्रश्न ठरलेला. ते खनिज अशा पाण्याला सहज दाद देत नाही आणि त्यात भर हलक्या मूलद्रव्यांची. खाणीच्या आम्लधर्मी पाण्यात मधल्या वजनाच्या मूलद्रव्यांचं पारडं तुलनेने जड असतं. चीनने अडवलेली टर्बियम, डिस्प्रोसियम, यिट्रियम ही मंडळी मधल्या आणि जड गटातली. म्हणून या पाण्याचं एवढं कौतुक.

कौतुक करताना आकडेही बघावेत. ॲपलेशियातल्या, म्हणजे आमच्या या डोंगराळ कोळसापट्ट्यातल्या, पाण्यात सगळी मिळून लिटरमागे काही मायक्रोग्रॅम, फार झालं तर मिलिग्रॅमच्या घरात. गाळात मात्र ती किलोमागे शेकडो मिलिग्रॅमवर जातात. आणि हा गाळ खजिन्याच्या हौसेने साठलेला नाही. इथे खाणींसाठी १९७७चा कायदा आहे, पाणी चुना घालून निवळल्याशिवाय सोडता येत नाही, म्हणून तो साठला. आता कुठे सामू टप्प्याटप्प्याने चढवून, आधी लोखंड-ॲल्युमिनियम पाडून मग ही मूलद्रव्यं वेगळी करण्याचे प्रायोगिक प्रकल्प चाललेत. आधी सक्तीची सफाई, मग पदरात पडलं तर उत्पन्न. आपल्याकडे सफाईचं नाव न घेता थेट उत्पन्नाच्या गप्पा.

खरोखर आम्लधर्मी पाणी हवं असेल तर मेघालयात जा. जयंतिया टेकड्यांतल्या कोळशात गंधक भरपूर. २०१४मध्ये हरित लवादाने उंदीरबिळासारख्या खाणींवर बंदी घातली, तरी सोडून दिलेल्या बिळांतून आम्ल झिरपतंच आहे. हिवाळ्यात लुखा नदी निळी पडते आणि त्यासाठी या खाणींकडे बोट दाखवलं जातं. माझ्या देशभक्त मित्रांच्या नकाशात मात्र देश नागपूरच्या पूर्वेला संपतो.

इथे ऑफिसात कुणी 'इंडियातल्या नद्या' म्हणून नाक मुरडलं की मी त्याला इथल्या मोनोंगाहेला नदीला मिळणारे नारिंगी ओढे दाखवतो. ती खाणकंपनी कधीच बुडालेली असते आणि बिल डीईपीच्या, म्हणजे राज्याच्या पर्यावरण खात्याच्या, गळ्यात. तेव्हा मला कायदा-बियदा काही आठवत नाही. फोनवर मी अमेरिकेचा वकील, ऑफिसात भारताचा. दोन्हीकडे फी कुणी देत नाही.

माझे सगळे नमुने इथल्याच ओढ्यांचे. भारतातल्या एकाही खाणीचं पाणी मी कधी बाटलीत भरलेलं नाही. मित्रांनी अजून हे विचारलेलं नाही. विचारलं तर मी बहुधा गोरबीबद्दल वाचलेलंच ऐकवत बसेन.