कारण : साडू

डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तीन महिन्यांची साखर 6.3. साडेसहाला मधुमेह धरतात. काठावर आहात."

काठावर म्हणजे अजून पाण्यात नाही, असा सोयीचा अर्थ मी काढला आणि त्या आनंदात येताना पाव किलो जिलबी घेतली.

त्यानंतर घरात माझ्या उद्धाराची मोहीम सुरू झाली. बायकोने रोज सकाळी भिजवलेल्या मेथीची वाटी समोर ठेवली. मुलीने मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ बांधलं. दिवसाला दहा हजार पावलं! हा आकडा कुठल्या डॉक्टरने नव्हे, तर 1965 साली पावलं मोजायचं यंत्र विकणाऱ्या एका जपानी कंपनीने आणला, असं मला वाचनात सापडलं. मग मी तत्त्व म्हणून चालणं बंद केलं. घड्याळ तासातासाला थरथरायचं. मी त्याला उशीखाली ठेवायचो, तिथे ते थरथरलं की पाठीला बरं वाटायचं.

तर अशा रीतीने आरोग्य, कुटुंब, नातवंडं बघायची आहेत ना, वगैरे सगळी सन्मान्य कारणं माझ्यावर आपटून परत गेली.

मग एका रविवारी सासरच्या ग्रुपवर फोटो पडला. सिंहगडाचा पुणे दरवाजा, त्यापुढे कमरेवर हात ठेवून माझा साडू. खाली मजकूर : 'आतकरवाडी ते पुणे दरवाजा, 52 मिनिटं. वय वर्षं 51.' त्याखाली अंगठे आणि फुलं. आणि त्या सगळ्यांच्या खाली सासूबाई : 'जावई असावा तर असा!'

सासूबाईंना जावई दोनच. उरलेला कोण, हे काढायला फारसं गणित लागत नव्हतं.

पुढच्या रविवारी मी गजराच्या आधी उठलो. पहाटे साडेचारला. बायकोने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

सिंहगडाची पायवाट सुरुवातीला माणसाशी बरी वागते. दहा मिनिटांनी तिचा खरा स्वभाव कळतो. वर दूरदर्शनचा मनोरा दिसत असतो. तो अर्ध्या तासाने तेवढाच दिसतो, पाऊण तासाने किंचित मागे सरकलेला वाटतो. ताकवाल्या मावशींनी मला पाहिलं आणि न विचारता ग्लास भरला. "बसा दादा, गड काय पळून जात नाय." बसलो. उठताना मात्र दोन्ही हात गुडघ्यांवर आणि तोंडात नाना देवांची नावं. तेवढ्यात सत्तरीचे एक आजोबा हातात काठी न घेता टणाटण खाली उतरत आले.

"पहिल्यांदाच?"

"हो. तुम्ही?"

"आजची दुसरी फेरी. काय, डॉक्टरांनी सांगितलं?"

आता इथे काहीतरी भारदस्त बोलायला हवं होतं. 1670 साली तानाजी मालुसरे आणि मावळे हाच गड रात्री, कड्यावरून, आणि वर गेल्यावर लढायचं आहे हे ठाऊक असताना चढले. त्यांच्या गडाच्या वाटेवर उभं राहून आपलं कारण सांगायची लाज वाटत होती. निसर्ग म्हणावं, फुप्फुसं म्हणावं, असा विचार केला. पण धाप इतकी लागली होती की खोटं बोलायला लागणारा श्वास उरला नव्हता.

"साडू," मी म्हणालो.

आजोबांनी मान डोलावली. "माझा व्याही होता."

"मग?"

"त्याचे गुडघे गेले. मला सवय राहिली."

त्या दिवशी मला 1 तास 37 मिनिटं लागली. पण उतरताना डोकं एकदम हलकं झालं होतं. इतकी वर्षं मी तब्येतीसाठी उठायला जात होतो. मला तब्येत नकोच होती हो! मला 51 मिनिटं हवी होती. एकदा हे स्वतःशी कबूल केल्यावर बाकीचं सोपं गेलं. मेथीसुद्धा उतरली, कारण साडू खातो असं कळलं होतं. सहा महिन्यांनी साखर 5.8 आली. डॉक्टर म्हणाले, इच्छाशक्ती लागते. बायको म्हणाली, मेथी लागते. मी गप्प.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी 49 मिनिटं झाली. दरवाजासमोर फोटो काढला, कमरेवर हात ठेवूनच. ग्रुपवर टाकला. सासूबाईंचं उत्तर आलं : 'जपून हो. या वयात एकटं जाऊ नये.'

दुपारी साडूचा फोन. पुढच्या रविवारी बरोबरच चढू म्हणाला. चढलो. कोणी पुढे जायचं नाही असं ठरवून शेवटच्या वळणावर दोघंही धावलो. नंतर गडावर मडक्यातलं दही खाताना तो बराच वेळ चमचा फिरवत राहिला.

"एक विचारू? तुम्ही किती वर्षं येताय?"

"सात महिने. का?"

त्याचा चमचा थांबला. "ताई तर गेली तीन वर्षं आमच्या हिला सांगतात, आमचे हे दर रविवारी सिंहगड चढतात म्हणून! रोज चहाबरोबर ऐकायचो. शेवटी म्हटलं, यांना एकदा मागे टाकायचंच."

घरी आल्यावर बूटही न काढता मी बायकोला जाब विचारला. ती मेथी भिजत घालत होती.

"मग काय सांगायचं होतं?" ती म्हणाली. "अकरापर्यंत घोरता म्हणून?"